‘कनेक्टेड’ म्हणतोय, मग हलत का नाही?

दिवाळीच्या सुटीत नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून एक गेम कंट्रोलर घरी येतो. खोका फुटतो, दिवे लुकलुकतात, फोनच्या ब्लूटूथच्या यादीत कंट्रोलरचं नाव उमटतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत येतं, ‘कनेक्टेड’. मुलगा लगेच बीजीएमआय उघडतो, अंगठ्याने स्टिक पुढे ढकलतो, आणि पडद्यावरचा गडी ढिम्म. गेम बंद करून तीच स्टिक फिरवली, तर फोनच्या होम स्क्रीनवर एक चौकट या चिन्हावरून त्या चिन्हावर मजेत सरकते. म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे आणि फोनला तो कळतोयही. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल उघडलं तर तिथे तो झकास चालतो. लॅपटॉपला लावला तर तिसरीच तऱ्हा: माणूस चालतो, पण कॅमेरा आपोआप गोल गोल फिरत राहतो.

आता घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो माल डुप्लिकेट आहे, दुसरा म्हणतो फोन जुना झालाय. बहुतेक वेळा दोघंही चुकतात. ‘कनेक्टेड’ या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळी कामं झाकलेली असतात. निरोप पोचायला हवा, कोणाकडून आला ते कळायला हवं, त्यातला कोणता आकडा कशाचा ते कळायला हवं, कोणतं बटण म्हणजे उडी हे ठरायला हवं आणि शेवटी गेमने ते ऐकून घ्यायला हवं. पहिली दोन कामं झाली की फोन ‘कनेक्टेड’ म्हणून मोकळा होतो. पुढच्या भानगडीशी त्याचा फारसा संबंध नसतो.

आठ बटणं, पाच तारा

हा सगळा गुंता मुळात नव्हताच. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम ज्यांनी खेळलेत, त्यांना आठवत असेल: वर पिवळी किंवा काळी कॅसेट खोचायची आणि हातात ‘रिमोट’ घ्यायचा. कंट्रोलर हा शब्द तेव्हा आपल्याकडे कोणी वापरत नव्हतं. ही यंत्रं म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या १९८३च्या फॅमिकॉमच्या नकला. त्या रिमोटवर आठ बटणं होती आणि त्यातून निघणाऱ्या वायरीत कामाच्या तारा होत्या पाच. आठ बटणांची खबर पाच तारांतून कशी जायची?

पाचातल्या दोन तारा विजेच्या. तिसऱ्या तारेवरून यंत्र एक इशारा द्यायचं. त्या क्षणी रिमोटमधली चिप आठही बटणांची स्थिती टिपून ठेवायची. मग चौथ्या तारेवरून यंत्र टिक-टिक करत जायचं आणि प्रत्येक टिकेला पाचव्या तारेवर एकेका बटणाची हकीकत यायची: दाबलंय की नाही. क्रम पक्का ठरलेला होता. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आठ टिका झाल्या की काम संपलं, आणि हे सेकंदाला पन्नास-साठ वेळा चालायचं. ओळखपाळख नाही, जोडणी नाही, सेटिंग नाही. त्या यंत्राला जगात एकाच प्रकारचा रिमोट ठाऊक होता, त्यामुळे विचारायचं काही उरतच नव्हतं.

संगणकाची गोष्ट वेगळी. आयबीएमने १९८१ साली आपल्या पीसीसाठी गेम खेळायची जी जोडणी दिली, ती पंधरा पिनांची होती आणि तिच्यात बटणांबरोबर जॉयस्टिकही बसायची. जॉयस्टिकचं दुखणं असं की तिचं उत्तर हो किंवा नाही एवढंच नसतं. किती कललीय हेही सांगावं लागतं. तिच्या बुडाशी कमी-जास्त होणारा विद्युतरोध असे. त्या रोधातून संगणक एक छोटा कपॅसिटर भरू द्यायचा आणि तो भरायला किती वेळ लागला ते मोजत बसायचा. स्टिक एका टोकाला असली की पटकन भरतो, दुसऱ्या टोकाला असली की सावकाश. युक्ती स्वस्त होती, पण मोजण्याचं काम प्रोसेसरचं. प्रोसेसर वेगवान झाला की तेवढ्याच वेळात त्याची मोजणी जास्त भरे आणि खेळाचं गणित चुके. म्हणून जुन्या गेममध्ये सुरुवातीलाच ‘स्टिक वरच्या कोपऱ्यात न्या, आता खालच्या कोपऱ्यात न्या’ अशी कवायत करून घेत. नव्वदीत जोडणी करून घेतलेल्या पीसींच्या साउंड कार्डावर तो पंधरा छिद्रांचा सॉकेट असायचा. विंडोज व्हिस्टाने त्याचा आधार काढून घेतला आणि तो इतिहासजमा झाला.

वहीचं पहिलं पान

यूएसबी १९९६ साली आली, आणि तिच्याबरोबर कीबोर्ड, माउस, कंट्रोलर अशा ‘माणसाच्या हातातल्या’ उपकरणांसाठी एक सामायिक रीत ठरली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एचआयडी म्हणतात. तिच्यामागची कल्पना फार हुशारीची आहे.

सिन्नर तालुक्यातल्या एखाद्या गावच्या दूध संकलन केंद्रातली वही डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पानावर रकान्यांची नावं लिहिलेली: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. पुढच्या पानांवर नुसते आकडे. १४, ६.५, ४.१, ८.५... रोज सकाळ-संध्याकाळ कोणी प्रत्येक ओळीत ‘फॅट’ असं लिहीत बसत नाही, कारण तिसरा रकाना कशाचा हे पहिल्या पानाने एकदाच सांगून ठेवलंय. ते पान फाडून टाकलं तर उरलेली वही निव्वळ आकड्यांची रास. ८.५ हे लिटर की एसएनएफ, सांगणार कोण?

एचआयडी कंट्रोलर नेमकं हेच करतो. वायर खोचताच संगणक विचारतो, तू कोण? कंट्रोलर आधी दोन क्रमांक देतो: आपली कंपनी कोणती आणि त्या कंपनीचा हा कोणता माल. मग तो वहीचं पहिलं पान पाठवतो: ‘माझ्या प्रत्येक निरोपातले पहिले इतके बिट बटणांचे, एका बटणाला एक. त्यापुढचे आठ बिट आडव्या दिशेचे, किंमत ० ते २५५. पुढचे आठ उभ्या दिशेचे.’ या पानाला रिपोर्ट डिस्क्रिप्टर म्हणतात. त्यानंतर फक्त आकडे वाहत राहतात. विंडोज असो, लिनक्स असो वा अँड्रॉइड, हे पान वाचता येतं म्हणून आता कंट्रोलरबरोबर सीडी येत नाही.

पण या पानात एक मोठी उणीव आहे, आणि कॅमेरा गोल फिरण्याचं मूळ तिथेच आहे. बटणांच्या रकान्यांना ते नावं देत नाही, नुसते नंबर देतं: बटण १, बटण २, बटण ३. कोणत्या नंबरचं बटण अंगठ्याखाली आणि कोणतं तर्जनीखाली, हे ठरवायला प्रत्येक कंपनी मोकळी. एकीच्या कंट्रोलरवर सर्वांत खालचं बटण १ असतं, दुसरीच्या २. दिशांचंही तसंच. डाव्या स्टिकला सगळे एक्स आणि वाय म्हणतात, पण उजव्या स्टिकसाठी कोणी एक जोडी वापरतं, कोणी दुसरी, आणि उरलेल्या जागी ट्रिगर बसवतं. आता गेमने ज्या रकान्याला उजवी स्टिक समजलं, तिथे या कंट्रोलरने ट्रिगर ठेवला असेल, तर न दाबलेल्या ट्रिगरची किंमत ०. स्टिकच्या भाषेत ० म्हणजे ‘पार एका टोकाला ढकललेली’. मधोमध म्हणजे १२८. झालं, कॅमेरा फिरायला लागला. कंट्रोलर खोटं बोलत नाही, संगणक ऐकण्यात चूक करत नाही. रकाना चुकीचा वाचला जातोय एवढंच.

मायक्रोसॉफ्टने वही छापूनच दिली

मायक्रोसॉफ्टने २००५ साली एक्सबॉक्स ३६० आणलं आणि त्याचा कंट्रोलर पीसीवर चालवताना हा घोळ एका फटक्यात निकालात काढला. पहिलं पान पाठवायची भानगडच नको. रकाने आम्ही कायमचे ठरवून देतो. दोन स्टिक, दोन ट्रिगर, दिशांचं एक फुलीसारखं बटण, ए-बी-एक्स-वाय आणि वरची ठरावीक बटणं. यापेक्षा जास्त नाही, कमी नाही. या रीतीचं नाव एक्सइनपुट. एका वेळी जास्तीत जास्त चार कंट्रोलर.

३६०चा वायरवाला कंट्रोलर पाठवतो तो निरोप २० बाइटांचा असतो. पहिला बाइट निरोपाचा प्रकार सांगतो, दुसरा त्याची लांबी. तिसऱ्या-चौथ्यात सगळी बटणं, पाचव्यात डावा ट्रिगर, सहाव्यात उजवा, आणि पुढच्या आठ बाइटांत दोन्ही स्टिकांच्या चार दिशा. तुम्ही ए दाबलं की चौथ्या बाइटमधला पाचवा बिट शून्याचा एक होतो. कुठल्याही कारखान्यात बनलेला कंट्रोलर असो, एक्सइनपुट बोलत असेल तर ए म्हणजे तोच बिट. गेम लिहिणाऱ्यांना याहून सोपं काय हवं? त्यांनी एक्सइनपुटपुरतंच लिहायला सुरुवात केली आणि जुन्या रीतीचे कंट्रोलर अनेक गेमना दिसेनासे झाले.

याचा परिणाम आपल्या बाजारात रोज दिसतो. हजाराच्या आतला, नावही न ऐकलेला कंट्रोलर लॅपटॉपला लावावा, तर विंडोज त्याला चक्क ‘एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर’ म्हणून सलाम करतं. कारण त्याने ओळख सांगताना मायक्रोसॉफ्टचाच कंपनी क्रमांक ०४५ई आणि माल क्रमांक ०२८ई पुढे केलेला असतो. (यातला ‘ई’सुद्धा अंकच, सोळाच्या हिशोबात तो चौदा.) नैतिकतेच्या दृष्टीने हा तोतयेपणा आहे खरा, पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो सोयीचा, कारण गेम मुकाट्याने चालतात. जरा सरळमार्गी कंपन्या दोन्ही रीती देतात. लॉजिटेकच्या एफ३१०च्या पोटाशी एक्स आणि डी अशी अक्षरं असलेला खटका आहे: एक्स म्हणजे एक्सइनपुट, डी म्हणजे जुनी डायरेक्टइनपुटची रीत. एटबिटडोच्या बऱ्याच कंट्रोलरवर स्टार्टसोबत दुसरं बटण धरून सुरू करायचं असतं: विंडोजला एक्स, अँड्रॉइडला बी, मॅकला ए, निन्टेंडो स्विचला वाय. कंट्रोलर एकच, पण सुरू होताना तो वेगळ्या नावाने ओळख सांगतो. डब्यातला इंग्रजी-चिनी कागद लोक पहिल्यांदा फेकतात, आणि ही माहिती नेमकी त्यावरच असते.

सोनीने मात्र एचआयडी सोडलं नाही. म्हणून प्लेस्टेशनचा कंट्रोलर विंडोजला दिसतो, पण फक्त एक्सइनपुट कळणाऱ्या गेमला तो दिसत नाही. मध्ये दुभाषी बसवावा लागतो. स्टीम या गेमविक्रीच्या सॉफ्टवेअरने डिसेंबर २०१६पासून प्लेस्टेशन ४च्या कंट्रोलरसाठी ते काम अंगावर घेतलं.

केबल सारखी दिसते, पण...

वायरने जोडूनही काहीच होत नसेल, तर संशय आधी वायरवर घ्यावा. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. कंट्रोलरचा दिवा लागतो, बॅटरी भरते, आणि संगणकाला मात्र काही लागल्याची खबरही नसते. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. तीच केबल फोन आणि लॅपटॉपमध्ये लावून फोटो हलवून पाहावेत. हलले तर केबल पुरी. एक्सबॉक्स ३६०च्या बिनवायरी कंट्रोलरची तर अधिकृत चार्जिंग केबलसुद्धा अशीच होती: वीज केबलमधून जायची, बोलणं रेडिओवरून, आणि पीसीवर खेळायला वेगळा रिसीव्हर घ्यावा लागे.

फोनला वायरने जोडताना आणखी एक अडचण येते. यूएसबीच्या जगात एक बाजू विचारणारी आणि दुसरी उत्तर देणारी असावी लागते. लॅपटॉपला लावलेला फोन उत्तर देणारा असतो. कंट्रोलर लावल्यावर त्याच फोनला विचारणारा व्हायचं असतं, शिवाय वीजही पुरवायची असते. या भूमिकाबदलाला ओटीजी म्हणतात. जुन्या मायक्रो यूएसबी फोनमध्ये ओटीजी केबलच्या टोकाशी एक जादा पिन जमिनीला जोडलेली असे, आणि ती पाहून फोनला कळे की आता आपण यजमान. टाइप-सी मध्ये तेच काम टोकातले छोटे रोध करतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं आणि वापर नसला तर काही मिनिटांनी ते आपलं आपण बंद पडतं. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ यामागे बहुधा एवढंच असतं.

हवेतली गाठ

दुकानातला हा संवाद कानावर पडतोच:

“भाऊ, मोबाइलला चालेल ना?”

“चालेल ना भाऊ, वायरलेस आहे.”

वायरलेस आहे हे खरं, पण वायरलेसमध्ये दोन जाती आहेत. एकीत नखाएवढा रिसीव्हर येतो. त्याची आणि कंट्रोलरची खासगी भाषा. रिसीव्हर हरवला की ती भाषा जाणणारं जगात दुसरं कोणी नाही. दुसरी जात ब्लूटूथची, ती फोनला थेट कळते. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच बोलतात, पण एकीचं दुसरीला कळत नाही. म्हणून दुकानात ‘वायरलेस आहे का’ याऐवजी ‘ब्लूटूथ आहे का’ असं विचारावं. एक्सबॉक्स वनचा जुना कंट्रोलर घेत असाल तर त्याच्या लोगोच्या बटणाभोवतीचं प्लॅस्टिक पाहा. ते पुढच्या चेहऱ्याशी सलग असेल तर ब्लूटूथ आहे (२०१६पासूनचं मॉडेल). वरच्या खांद्याच्या बटणांच्या पट्टीशी सलग असेल तर नाही.

ब्लूटूथची पहिली भेट जाणूनबुजून घडवावी लागते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर त्यासाठी छोटं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. प्लेस्टेशन ४च्या कंट्रोलरवर शेअर आणि मधलं पीएस ही दोन बटणं एकत्र धरायची, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. या भेटीत दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या वेळी कंट्रोलर सुरू झाला की तो या किल्लीच्या जोरावर ओळखीच्या यंत्रालाच हाक मारतो. बरेच कंट्रोलर शेवटच्या एकाच यंत्राची किल्ली ठेवतात. दादाच्या लॅपटॉपला जोडून झाला की धाकट्याच्या फोनची किल्ली गेली. फोन बिचारा जुनी किल्ली घेऊन बसतो आणि यादीत नाव दिसूनही जोडणी होत नाही. उपाय एकच: फोनमधून ते नाव ‘विसरा’ म्हणून काढायचं आणि ओळख नव्याने करून द्यायची.

२.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी भारतात २००५च्या नियमांनी परवान्यातून मुक्त झाला. म्हणून वायफाय, माउस, हेडफोन सगळे तिथेच दाटीवाटीने राहतात. इंदिरानगर किंवा सिडकोतल्या एखाद्या इमारतीत वायफायची यादी उघडली तर पंधरा-वीस नावं सहज दिसतात. या गर्दीत तग धरण्यासाठी जुनं ब्लूटूथ आपला पट्टा ७९ वाहिन्यांत वाटून सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलतं, आणि जिथे गोंगाट सापडेल त्या वाहिन्या पुढच्या फेऱ्यांत टाळतं. तरीही अडकत असेल तर लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ सॉकेटात पेनड्राइव्ह आहे का ते पाहा. ती जोडणी चालू असताना नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट करते, त्यामुळे शेजारी लावलेला कंट्रोलरचा रिसीव्हर बहिरा होतो. हातभर एक्स्टेन्शन केबल घेऊन तो दूर नेला की फरक लगेच कळतो.

बिनवायरी म्हणजे उशीर, असा एक समज आहे. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. वायरवाले बरेच कंट्रोलर ४ ते ८ मिलिसेकंदांत एकदा निरोप देतात. ब्लूटूथने त्यात थोडी भर पडते, नाही असं नाही. पण घरच्या टीव्हीवर खेळताना जो जाणवण्याजोगा उशीर होतो, त्याचा मोठा वाटा टीव्हीचा असतो, चित्र सुंदर करण्यात तो वेळ घालवतो. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ चालू केला की निम्म्या तक्रारी मिटतात.

फोनने ऐकलं, गेमने नाही

अँड्रॉइडला गेम कंट्रोलर २०११च्या ३.१ या आवृत्तीपासून कळतात. आयफोनचं दार आधी किलकिलं होतं: २०१३च्या आयओएस ७ मध्ये फक्त अ‍ॅपलने मान्यता दिलेले कंट्रोलर, आणि २०१९च्या आयओएस १३ मध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्सचे. फोनच्या बाजूने एवढं झाल्यावर पुढचा निर्णय गेमचा.

अँड्रॉइडमध्ये ए बटण दाबलं की फोन समोर उघड्या असलेल्या अ‍ॅपला कळवतो, ‘कंट्रोलरचं ए दाबलं गेलं.’ अ‍ॅपने ते घेतलं तर ठीक. नाही घेतलं, तर अँड्रॉइड स्वतःच्या अकलेने त्याचा सोपा अर्थ लावतं: ए म्हणजे ‘निवडा’, बी म्हणजे ‘मागे’, स्टिक म्हणजे बाणांच्या कळा. होम स्क्रीनला बाणांच्या कळा समजतात, म्हणून तिथे चौकट सरकते. बीजीएमआय मात्र पूर्ण पडदा स्वतः रंगवतं आणि फक्त बोटांचे स्पर्श ऐकतं. कंट्रोलरचा निरोपही त्याला नको आणि बाणांच्या कळाही. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलने कंट्रोलरची सोय स्वतः लिहिली आहे, म्हणून तिथे तोच कंट्रोलर चालतो.

कंट्रोलरची दारं बंद ठेवणं हा निव्वळ आळस असतो असं नाही. काचेवर बोट घासून नेम धरणारा आणि स्टिकने धरणारा, यांना एका मैदानात उतरवलं की न्याय-अन्यायाचा प्रश्न येतो. त्यावर तोडगा म्हणून काही अ‍ॅप बटणाच्या जागी पडद्यावर खोटा स्पर्श करून देतात. तो चालतोही, पण गेमची पहारेकरी यंत्रणा त्याला फसवणूक समजू शकते आणि खातं बंद होऊ शकतं. दोन-तीन वर्षं कमावलेली पातळी एका दुपारच्या प्रयोगासाठी पणाला लावू नये, असं माझं मत.

---

चौकट : अडलं कुठे?

दिवाच लागत नाही: बॅटरी किंवा केबल. दिवा लागतो पण संगणकाला पत्ता नाही: केबल फक्त चार्जिंगची असेल, फोन असेल तर ओटीजी बंद असेल. ब्लूटूथ यादीत नाव आहे पण जोडत नाही: जुनी नोंद काढून पुन्हा जोडणी. ‘कनेक्टेड’ आहे, होम स्क्रीन हलते, गेम हलत नाही: गेम कंट्रोलर घेत नाही. गेम घेतो पण बटणं उलटसुलट: एक्स-डीचा खटका किंवा स्टीममधली बटणांची मांडणी तपासा.

---

ए खाली की उजवीकडे?

बटणांच्या उलटसुलटीचं आणखी एक कारण तर निखळ ऐतिहासिक आहे. निन्टेंडोच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे आणि बी खाली. एक्सबॉक्सवर ए खाली आणि बी उजवीकडे. दोघांनाही आता माघार घेणं शक्य नाही. सोनीने अक्षरंच टाळून आकृत्या वापरल्या, तरी कितीतरी वर्षं जपानमध्ये गोल म्हणजे ‘हो’ आणि बाकी जगात फुली म्हणजे ‘हो’ असं चाललं. २०२०च्या प्लेस्टेशन ५ने जपानलाही फुलीवर आणलं. लिनक्सवाल्यांनी शहाणपणा करून या बटणांना दिशांची नावं दिली: दक्षिण, पूर्व, पश्चिम, उत्तर. कोणतंही अक्षर छापलेलं असो, सर्वांत खालचं ते दक्षिण.

मग तुमच्या कंट्रोलरचं ‘बटण २’ म्हणजे दक्षिण हे कोणाला माहीत? इथे सुरुवातीचे ते दोन क्रमांक, कंपनीचा आणि मालाचा, उपयोगी पडतात. एसडीएल नावाचा सॉफ्टवेअरचा एक मुक्त संच असंख्य गेम वापरतात. त्याच्यासाठी जगभरच्या लोकांनी मिळून एक यादी बनवली आहे: अमुक क्रमांकाच्या कंट्रोलरचं बटण २ दक्षिण, बटण ३ पूर्व, अशी. क्रमांक जुळला की रकान्यांना नावं मिळतात. तुमचा कंट्रोलर त्या यादीत नसेल तर बटणं एकदा स्वतः सांगावी लागतात.

मधोमध म्हणजे नक्की कुठे?

स्टिकच्या खाली एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन विद्युतरोधाच्या चकत्या असतात. स्टिक हलली की त्यांवरून एक पातं घासत जातं आणि विजेचा दाब बदलतो. चिप त्याचा आकडा करते. घासणं आलं की झीज आली. काही महिन्यांनी हात न लावताही स्टिक ‘किंचित डावीकडे’ असं सांगू लागते आणि गेममधला माणूस आपला आपण भिंतीकडे चालू लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. म्हणून मधला थोडा भाग सॉफ्टवेअर मुद्दाम ऐकत नाही. मायक्रोसॉफ्टने डाव्या स्टिकसाठी सुचवलेला हा बहिरा भाग ३२,७६७ पैकी ७,८४९चा, म्हणजे जवळपास २४ टक्के. एवढा मोठा भाग फेकून द्यावा लागतो हे पाहिलं की झीज किती गृहीत धरलीय ते कळतं. उपाय जुनाच आहे: घासणाऱ्या चकतीऐवजी चुंबक आणि त्याचं क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर. सेगाने १९९८च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरात तो वापरला होता. स्वस्ताईपायी तो मागे पडला, आणि आता काही कंपन्या त्याचीच जाहिरात करून कंट्रोलर विकतात.

ओझरच्या एचएएलमध्ये जोडलं जाणारं सुखोई-३० एमकेआय विमान स्टिकच्याच तत्त्वावर उडतं, म्हणजे वैमानिकाच्या हातातली दांडी हलली की सेन्सर त्या हालचालीचा विद्युत संकेत करतात आणि पंख किती वळवायचे ते संगणक ठरवतो. फरक असा की तिथे एकाच संकेताच्या चार वाटा असतात आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. आपल्या कंट्रोलरात वाट एकच, म्हणून ड्रिफ्ट सहन करावा लागतो.

विंडोजवर ही झीज पाहायला काही डाउनलोड करावं लागत नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल असं टाइप करा. एक साधी, विंडोज ९५च्या काळातली वाटावी अशी खिडकी उघडते. कंट्रोलर निवडून प्रॉपर्टीज म्हटलं की चौकोनात एक छोटी फुली दिसते. स्टिक सोडून द्या. फुली मधोमध परतली नाही, थरथरत राहिली, तर झीज झालीय. बटण दाबलं की खाली लाल गोल पेटतो. जुना कंट्रोलर विकत घेताना ही तपासणी दुकानातच, काउंटरवरच्या लॅपटॉपवर करून मागावी.

कोणतंही बटण, ए

बटणाला नाव नंतर मिळतं, या एकाच गोष्टीवर मायक्रोसॉफ्टचा २०१८ सालचा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर उभा आहे. त्यावर दोनच मोठी, तळहाताने दाबता येतील अशी बटणं आहेत, आणि मागच्या बाजूला ३.५ मिलिमीटरची १९ छिद्रं. हेडफोनच्या पिनसारखी पिन असलेला कोणताही खटका त्यात लागतो: पायाने दाबायचा, कोपराने दाबायचा, हनुवटीने ढकलायचा. ज्या छिद्रात लागला त्या छिद्राचं बटण तो होतो. दोन कंट्रोलरना एकच धरण्याची सोयही एक्सबॉक्सवर आहे. एकाच्या हातात चालणं, दुसऱ्याच्या हातात नेम.

हा कंट्रोलर महाग आहे. पण पंचवटीतल्या के. के. वाघ महाविद्यालयासारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाला असलं काही घरी करता येतं. अर्डुइनो लिओनार्डो या पाटीवरची चिप स्वतःच यूएसबी बोलते, म्हणजे वहीचं पहिलं पान तिच्यात आपल्याला हवं तसं लिहिता येतं: ‘माझ्याकडे चार बटणं आहेत, बस.’ काही डझन बाइटांचा मजकूर. मग दारावरच्या बेलची चार मोठी बटणं आणायची, प्रत्येकाची एक तार पाटीच्या एकेका पिनेला आणि दुसरी जमिनीला जोडायची, आणि केबल लॅपटॉपात खोचायची. विंडोज यादीत नवं नाव दाखवतं. स्टीमला हा कंट्रोलर अर्थातच माहीत नसतो, त्यामुळे स्टीम पडद्यावर चित्र काढून विचारतं: आता दक्षिणेचं बटण दाबा.